तिसरी टिचकी

इंजेक्शनची काचेची कुपी फोडण्याआधी तिच्या मानेवर टिचकी मारायची असते, म्हणजे वर अडकलेलं औषध खाली उतरतं. एवढं मला नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. टिचकीसुद्धा खरी असते आणि खोटी असते, हे मात्र मला निंबखडकच्या कोंडिबा सुतारांनी शिकवलं. पुढं सगळी नोकरी झाली, बदल्या झाल्या, रिटायर होऊन घरी बसले. पण अजून कुठं नखाचा टक् असा आवाज आला की मी मान वळवून बघते.

मी राहात्याची. आमच्याकडं पाटाचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा. निंबखडक जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पाथर्डी तालुक्यात, कुसळं आणि दगड पिकवणारं गाव. बदलीची ऑर्डर आली तेव्हा आई म्हणाली, "तिकडची माणसं ऊस तोडायला इकडं येतात आणि तू कुठं उलटी निघालीस?" दिवाळी उरकून मी तिथं पोचले तर गाव ओस. धडधाकट माणूस सगळा कोयता घेऊन कारखान्यांवर गेलेला. मागं राहिलेली म्हातारी-कोतारी, दारादारांत कुलपं, आणि कडुलिंबाखाली वाकसानं लाकूड तासत बसलेले कोंडिबाबा. माझं उपकेंद्र म्हणजे वरच्या आळीतली एक खोली. तिचं दार उघडलं की समोर लिंब आणि लिंबाखाली हे. साडेतीन वर्षं सकाळी उठून पहिलं तोंड त्यांचं बघितलं, आणि सांगते, दिवस काही वाईट गेले नाहीत.

पहिल्याच आठवड्यात माझ्या स्टुलाचा पाय मोडला. दुरुस्त करून ते दारात घेऊन आले, तेव्हा मी एका म्हातारीला इंजेक्शन देत होते. ते तसेच उभे राहिले. म्हातारी गेली तरी उभेच.

"तिन्ही सारख्या पडल्या," ते म्हणाले.

"काय सारख्या पडल्या?"

"टिचक्या. मानसाची पैली जोरात पडती, मंग हात भितो. तुमच्या तिन्ही सारख्या पडल्या."

मी मनात म्हटलं, झालं, शेजार मिळाला तो असा. पण खरं सांगू का, इतकी वर्षं नोकरी केली, माझ्या कामाचं इतकं बारीक कौतुक परत कुणी केलं नाही. डॉक्टरांनीसुद्धा नाही. डॉक्टरांनी तर नाहीच.

उंच, वाळलेला माणूस. डोक्याला मळकं मुंडासं. चेहऱ्यात एकच गोष्ट वेगळी होती, त्यांचा डावा गाल. उजवा गाल चारचौघांसारखा रापलेला, सुरकुतलेला, आणि डावा गुळगुळीत, जरा लालसर. कारण कुऱ्हाडीचा, खुरप्याचा, कशाचाही दांडा तासून झाला की ते तो डाव्या गालावरून फिरवून बघायचे, कुठं कुसळ राहिलंय का. मी ओरडायची, "बाबा, एक दिवस डोळ्यात जाईल." तर म्हणायचे, "हाताला घट्टे पडल्यात, बाई. हाताला कुसळ कळत न्हाई. गाल अजून कवळा हाय." मग दांड्याला करडईचं तेल लावायचे, दांडा एका बोटावर आडवा तोलून धरायचे आणि तो डुलायचा थांबला की गिऱ्हाइकासमोर जमिनीवर ठेवायचे. हातात कधी दिला नाही. धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं म्हणे. ज्याची त्यानं उचलून घ्यावी.

त्यांच्या लिंबाखाली सगळ्या गप्पा चालायच्या, सरकारला शिव्या चालायच्या, सुनांच्या चहाड्या चालायच्या. एक म्हण तेवढी चालायची नाही. घरचाच माणूस घरावर उलटला की लोक म्हणतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडाही लाकडाचाच, आणि तोच झाडाच्या जिवावर उठतो. ही म्हण कुणी काढली की कोंडिबाबांचा वाकस थांबायचा. "दांड्याला कुनी इचारलं हुतं का?" ते म्हणायचे. "त्याला तासला तुमी, भोकात ठोकला तुमी, घाव घातला तुमी. अन वर नाव त्याचंच घेता." माणूस ओशाळून दुसरा विषय काढायचा.

आता कुऱ्हाडफेकीचं सांगते.

चैत्रात भैरोबाची यात्रा. तोवर ऊसतोडीची माणसं गावी परतलेली असायची आणि गाव गाव वाटायला लागायचं. यात्रेच्या आदल्या दिवशी देवळापुढच्या माळावर वरची आळी आणि खालची आळी यांच्यात कुऱ्हाडी फेकायची शर्यत. लिंबाचा एक जाड ओंडका तीन दिवस विहिरीत भिजत घालायचा, मग बाहेर काढून बैलगाडीच्या साटीला आडवा बांधायचा, कापलेलं तोंड फेकणाऱ्याकडं. तोंडावर शेंदराचा टिळा. कोंडिबाबांच्या पावलांनी सहा पावलं मोजायची आणि तिथून फेकायची. प्रत्येक आळीचे पाच गडी, एकेकाला एकच फेक. कुऱ्हाड सगळ्यांना एकच, तिला दर वर्षी कोंडिबाबा नवा दांडा घालणार. ज्या आळीच्या जास्त बसतील, तिचा यात्रेत पहिला नारळ. बरोबरी झाली तर मान जुन्याकडंच.

"बसतील" म्हणजे काय, ते ठरवायचं काम कोंडिबाबांचं. त्यांच्या आधी त्यांच्या वडलांचं होतं. कुऱ्हाड ओंडक्यात रुतली एवढ्यानं भागत नसे. कोंडिबाबा सावकाश चालत जायचे, दांड्याच्या टोकाला बोटानं तीन टिचक्या मारायचे. टक्, टक्, टक्. तिन्ही सोसून कुऱ्हाड राहिली तर वळून खणखणीत आवाजात म्हणायचे, "बसली." आणि खाली पडली तर म्हणायचे, "पाहुनी हुती, गेली." ज्याची पडली त्या गड्यालासुद्धा हसू यायचं, कारण त्यात कुणाचा अपमान नव्हता. पाहुणी आहे, गेली, त्याला कोण काय करणार.

पहिल्या वर्षी मी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. सरपंचाकडं जाऊन सांगितलं, मी हे होऊ देणार नाही, कुणाचा पाय तुटला तर जवळ डॉक्टर नाही. सरपंच नुसते हसले. कोंडिबाबा हसले नाहीत. त्यांनी मला माळावर नेलं, दोन्ही बाजूंना दोरी कुठवर बांधायची ते मलाच विचारलं, आणि मी सांगितली त्याच्याही मागं चार पावलं बांधली. मग म्हणाले, "आता तुमी टिंचरची बाटली घेऊन हितं उभ्या ऱ्हा. तुमी हाय म्हनल्यावर गडी जरा नीट वागतील." मी उभी राहिले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्याच वर्षी तालुक्याहून एक साहेब आले होते. नाव घेत नाही. त्यांना हुक्की आली, म्हणाले मीही फेकतो. कोंडिबाबांनी त्यांना शिकवलं ते मला अजून पाठ आहे. "सायेब, कुराड फेकायची नसती, सोडायची असती. फेकनारे लई. सोडनारा एकांदा." साहेबांनी फेकलीच. कुऱ्हाडीचं टोक कसंबसं ओंडक्याच्या कडेला अडकलं. सरपंच मागून खुणा करत होते, बसली म्हणा, बसली म्हणा, रस्त्याचं काम अडलंय. कोंडिबाबा गेले. पहिल्या टिचकीलाच कुऱ्हाड खाली. ते वळले आणि म्हणाले, "पाहुनी हुती. सायबांची हाय, जरा घाईत हुती." साहेब मोठ्यानं हसले म्हणून बरं. रस्ता मात्र त्या वर्षी झाला नाही.

पुढचं वर्ष बहात्तरचं. ते मला विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

कोंडिबाबांना एकच मुलगा, नामदेव. पंचविशीचा, बापासारखाच उंच, बापासारखाच कमी बोलणारा. त्यानं वाकस हातात धरला की दोघांचा ठोका एका तालात पडायचा. मी खोलीत बसून ऐकायची आणि कुठला कुणाचा ते मला ओळखू यायचं नाही. आई भागाबाई. ती एकटी तिघांच्या वाटणीचं बोलायची.

कोंडिबाबांचं घर वरच्या आळीत, आणि वरची आळी सात वर्षं हरत आलेली. त्या वर्षी खालच्या आळीच्या तीन बसल्या. वरच्या आळीच्या चार गड्यांच्या तीन बसल्या, आणि शेवटचा गडी नामदेव. त्याची बसली की सात वर्षांचा डाग पुसला. माळावर इतकी शांतता झाली की देवळातली घंटा वाऱ्यानं हलली ती ऐकू आली. नामदेवानं कुऱ्हाड सोडली. हो, सोडली, फेकली नाही. एक गिरकी घेऊन ती टिळ्यावर जाऊन रुतली. आळी उठून उभी राहिली.

कोंडिबाबा चालत गेले. नेहमीसारखेच सावकाश. टक्. राहिली. टक्. राहिली. टक्. दांडा खाली झुकला, आणि कुऱ्हाड पडली.

तिसरा आवाज मला वेगळा वाटला होता. पण तेव्हा मी त्याचा विचार केला नाही, कारण सगळं माळरान ओरडत होतं. कोंडिबाबा वळले आणि म्हणाले, "पाहुनी हुती, गेली." त्या वर्षी त्यावर कुणी हसलं नाही. नामदेव पुढं आला, त्यानं कुऱ्हाड उचलली, दांडा धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि ती वडलांच्या पायांपुढं जमिनीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी यात्रा टाकून, पिशवी घेऊन, पहिल्या गाडीनं गेला. राहात्याच्या बाजारात बैलगाड्यांचं काम करणाऱ्याकडं राहिला, असं नंतर कळलं.

वरच्या आळीनं कोंडिबाबांना सोडलं नाही. त्यांच्याच लिंबाखाली, त्यांच्याच तोंडावर ती म्हण म्हणायला लागले. कुऱ्हाडीचा दांडा. पुढचं बोलायचीही गरज नव्हती. आणि मला जे लागलं ते हे, की कोंडिबाबांचा वाकस आता थांबत नव्हता. ते ऐकून घेत होते.

त्या साली पाऊस आलाच नाही. आषाढ कोरडा, श्रावण कोरडा. सरकारनं खडी फोडायची कामं काढली, आणि माझ्याकडं दिवसभर फुटलेल्या हातांची रांग लागायला लागली. एका दुपारी त्या रांगेच्या शेवटी कोंडिबाबा उभे. अंगठा वाकसानं कापलेला, बऱ्यापैकी खोल. चाळीस वर्षं वाकस धरणारा माणूस. मी चिडलेच. "लक्ष कुठं होतं?" मी जखम धुतली, पट्टी बांधायला घेतली, तेव्हा ते माझ्या हाताकडं बघत म्हणाले, "बाई, तिसरी जोराची हुती."

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. लगेच कळलं.

"तीस वर्षं सगळ्यांना एकच टिचकी मारली. त्याच्या वक्ताला मनात आलं, ही बसली तर लोक म्हनतील बापानं हळू मारली. म्हनून जोरात मारली. पोराचं म्हनून जोरात मारली." मग म्हणाले, "सायबाला खरी मारली. पोराला खोटी मारली."

मी गाठ बांधत राहिले. मग म्हटलं, "हे त्याला सांगा."

"कसं सांगू?"

"तोंडानं."

त्यांनी मान हलवली. दिवाळीला मी माहेरी जाणार होते ते त्यांना ठाऊक होतं. "तुमी राहात्याला जाता. तुमी सांगाल का?" ते म्हणाले. भागाबाईनं लेकासाठी शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी दिली, आणि जे बोलायचं ते वेगळं दिलं. "त्याला म्हनावं, आई मेली तरी येनार न्हाईस का? असंच म्हना. मऊ करून सांगू नगा."

राहात्याच्या बाजारात नामदेव सापडायला वेळ लागला नाही. चाकाला आरे बसवत होता. बाराही महिने पाणी बघणाऱ्या गावात तो जरा भरला होता, पण मला बघून चेहरा उतरला. मी आधी आईचं सांगितलं, अजिबात मऊ न करता. मग बापाचं.

त्यानं आऱ्यावरून हात फिरवला. "मला म्हाईत हाय," म्हणाला. "तवाच कळलं. ती टिचकी मी पाळन्यात असल्यापास्नं ऐकतोय. आवाजावरनं कळती."

"मग राग कसला एवढा? कळलं होतं तर मोठ्या मनानं सोडायचं."

"नर्सबाई, कुराड पडली त्याचा राग न्हाई. पडत्यात कुराडी. पन त्यांनी मला परका धरलं असतं, तर माझी बसली असती. मी त्यांचा, म्हनून पडली. अन एवढं बोलायला त्यांनी तुमचं तोंड उसनं घेतलं."

यावर मी त्याला चांगलं झाडलं. म्हातारा माणूस, अंगठा कापून बसलाय, आणि तू इथं शब्दांचा कीस काढतोस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मला चहा पाजला, आणि येतो म्हणाला नाही.

परत आल्यावर कोंडिबाबांनी विचारलं, "काय म्हनला?" मला खोटं सांगता आलं असतं. बाळंतिणीला मी रोज खोटं सांगायची, आता थोडंच राहिलंय म्हणून. पण या माणसापुढं जमलं नाही. मी म्हटलं, "त्याला तेव्हाच कळलं होतं. आवाजावरून."

त्यांनी कापलेला अंगठा दुसऱ्या हातात धरला. "आवाजावरनं?" म्हणाले. "मंग कान तयार झाला म्हनायचा त्याचा." आणि त्यांचा डावा गाल जरा थरथरला. आनंद होता की दुसरं काही, मला आजवर सांगता येत नाही.

चैत्र आला तोवर विहिरीत तळाचे दगड दिसत होते. टँकर दिवसाआड यायचा, आणि एका हंड्यावरून सख्ख्या जावा केस धरायच्या. तरी भागाबाईचे डोळे यात्रेकडं लागलेले. शर्यतीला तरी येईल, म्हणायची. कुऱ्हाड त्याला चैन पडू देणार नाही. पण ओंडका भिजवायचा कशात? कोरड्या लाकडात कुऱ्हाड बसत नाही, टणकन उलटी येते. आळीतले काही गडी म्हणाले, टँकरमधून चार हंडे घेऊ, परंपरा आहे. कोंडिबाबा उभे राहिले. "लेकरं घसा कोरडा करून निजत्यात, अन ओंडक्याला अंघोळ घालता? शर्यत न्हाई. देव समजून घेईल." एवढं बोलून खाली बसले. त्या रात्री भागाबाई त्यांच्याशी बोलली नाही. पोराला यायला एकच निमित्त होतं, आणि ते बापानंच मोडलं.

यात्रेच्या दोन दिवस आधी सकाळी जनावरांच्या छावणीवर राहात्याकडून उसाच्या वाढ्याचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, ट्रक आला. छावणी उपकेंद्राच्या मागंच होती. मी बाहेर आले तर वाढ्याच्या ढिगावर नामदेव बसलेला. त्यानं वाढं बाजूला सारलं आणि खालून एक भलंमोठं गाठोडं ओढलं, ओल्या पोत्यांत गुंडाळलेलं. चौघांनी मिळून ते उतरवलं. लिंबाचा ओंडका. पोती सोडायच्या आधीच छावणीतल्या दोन गाई दावं ताणून पोतं चाटायला लागल्या. पोरांनी ओंडक्याला गाल लावले. गार, गार म्हणून किंचाळत होती. भागाबाईनं लेकाला बघितलं, एक शिवी दिली, आणि पोती उचलून घरी नेऊन तुळशीत पिळली. रडणं तिनं नंतर केलं.

कोंडिबाबा लिंबाखालून उठून आले आणि चार पावलांवर थांबले. नामदेव माझ्याकडं बघून म्हणाला, "सांगा त्यांना, पाच दिस पाटात भिजवलाय."

मला असा संताप आला. "मी काय तारखातं आहे का? ते इथं उभे आहेत. तुला तोंड आहे, त्यांना कान आहेत."

नामदेवानं खाली बघितलं. मग म्हणाला, "आबा, ओंडका भिजलाय."

कोंडिबाबांनी ओंडक्यावर हात ठेवला. मग वाकून डावा गाल ठेवला. "भिजलाय," म्हणाले. वर्षभरानंतर बापलेकांचं एवढंच बोलणं झालं, आणि तेवढं पुरलं असतं, असं मला वाटलं होतं. त्यांना ते पुरलं नाही.

शर्यतीच्या दिवशी माळावर सगळी माणसं जमली. खडी फोडून हातांना पट्ट्या, त्यातल्या बहुतेक मीच बांधलेल्या. कोंडिबाबांनी सहा पावलं मोजली, नवा दांडा घातलेली कुऱ्हाड जमिनीवर ठेवली, आणि नेहमीच्या जागी न जाता मधोमध उभे राहिले.

"गेल्या साली नामदेवाच्या वक्ताला तिसरी टिचकी म्या जोरात मारली," ते म्हणाले. मोठ्यानं, जसं "बसली" म्हणायचे तसं. "पोरगं माझं म्हनून मारली. माझं बोट खोटं झालं. आता मी पंच न्हाई."

खालच्या आळीचा एक म्हातारा म्हणाला, "मंग कोंडिबा, गेल्या सालचा मान वापस करायचा का आमी?"

"न्हाई. पडली ती पडली. मी फकस्त मारनाऱ्याचं नाव सांगितलं."

मी नामदेवाकडं बघितलं. तो बापाकडं बघत होता, आणि त्यानं ना डोळे पुसले, ना तोंड फिरवलं.

"मंग टिचकी मारनार कोन?" कुणीतरी विचारलं. कोंडिबाबांनी माझ्याकडं बोट केलं. "नर्सबाई. गावात सारखी टिचकी तेवढी त्यांचीच."

मी नको नको म्हटलं. पण नऊ गड्यांच्या टिचक्या मी मारल्या, आणि हात स्थिर होता. रोजचंच काम. खालच्या आळीच्या दोन बसल्या, वरच्या आळीच्या दोन. शेवटचा गडी पुन्हा नामदेव. नशिबाला पण मस्करी करायची हौस असते.

त्यानं सोडली. टिळ्यावरच रुतली, गेल्या वर्षीसारखीच. मी चालत गेले. माझ्या मनात काय चाललं होतं ते मी सांगते, लपवत नाही. मला ती बसायला हवी होती. म्हाताऱ्यासाठी हवी होती, भागाबाईसाठी हवी होती. हळूच मारली तर कुणाला कळणार होतं? आणि मग माझ्या लक्षात आलं की कळणार होतं. दोघांना कळणार होतं, आवाजावरून.

टक्. टक्. टक्. कुऱ्हाड पडली.

मागून कोंडिबाबांनी विचारलं, "सारख्या पडल्या का?"

उत्तर नामदेवानं दिलं. "सारख्या पडल्या, आबा. तिन्ही खऱ्या." मग त्यानं पडलेल्या कुऱ्हाडीकडं बघितलं आणि म्हणाला, "पाहुनी हुती, गेली." आणि बापलेक हसायला लागले. आळी हरली, नववं वर्ष, आणि हे दोघं गाडीच्या साटीला धरून हसत होते. कोंडिबाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नामदेव त्यांची पाठ चोळत होता.

वरची आळी मात्र हसली नाही. माझ्याकडं दोन दिवस कुणी औषधालासुद्धा आलं नाही. तिसऱ्या दिवशी भागाबाई भाकरी-पिठलं घेऊन आली. "नर्सबाई, आळीत तुमाला काय म्हनत्यात म्हाईत हाय का? कुराडीचा दांडा." मला आधी राग आला. आमच्याच आळीत राहून आमच्यावरच, असं त्यांचं म्हणणं. मग मी म्हण मनात पुरी करून बघितली. गोतास काळ. गोतास. म्हणजे त्यांनी मला आपल्या गोतात धरलं होतं. त्या संध्याकाळी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्या पावसाळ्यात पाऊस झाला आणि पुढच्या वर्षी माझी बदली आली. यात्रेत त्या साली नामदेव पंच होता, दोन्ही आळ्यांनी मिळून नेमलेला. निघताना कोंडिबाबांनी मला बाभळीचं एक लाटणं दिलं. हातात नाही दिलं, जमिनीवर ठेवलं, जसं काही त्यालाही धार होती. मी उचलून गालाला लावून बघितलं. कुसळ नव्हतं.

येष्टीला पोचवायला अर्धी आळी आली होती. माझी ट्रंक नामदेवानं टपावर चढवली आणि खाली येऊन बापाच्या शेजारी उभा राहिला.

"बसलात का, बाई?" कोंडिबाबांनी खालून विचारलं.

"बसले, बाबा."

वातावरण जड झालं होतं, ते हलकं करायला नामदेव म्हणाला, "पाहुनी हुती, गेली." सगळे हसले. मीही हसले, डोळे भरलेले असताना येतं तसलं हसू. कोंडिबाबा हसले नाहीत. ते पुढं आले, हात वर केला, आणि माझ्या खिडकीखालच्या पत्र्यावर बोट टेकवलं. टक्. टक्. टक्. तिन्ही सारख्या. मग जरा थांबून, कान देऊन, त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बसली," ते यात्रेतल्या खणखणीत आवाजात म्हणाले, आणि कंडक्टरनं घंटी दिली.